आंदणात गेलेले बल्ब

आमच्या राळेगाव तालुक्यात, आणि वर्धा नदीच्या पलीकडे हिंगणघाटच्या बाजूलाही, लग्नाच्या आंदणात ड्रेसिंग टेबल देण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत चांगलीच रुळली आहे. कपाट, दिवाण, भांडी आणि गादी यांच्या जोडीला आरशाच्या दोन्ही कडांना छोटे गोल बल्ब बसवलेले टेबल असले म्हणजे आंदण पूर्ण झाले, असे मानले जाते. अशाच एका प्रकारच्या टेबलातील बल्ब सदोष असून त्यांचा वापर ताबडतोब थांबवावा, ते दुकानात परत करावेत आणि त्याऐवजी नवे बल्ब विनामूल्य घ्यावेत, असे उत्पादकाचे पत्र या उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारातील एका दुकानात येऊन पडले होते. पत्र इंग्रजीत होते. दुकानदाराने त्याची छापील प्रत काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवली होती आणि त्याच्या दृष्टीने त्याचे काम तेथेच संपले होते. मी कूलरच्या पॅडची चौकशी करायला गेलो असताना ते पत्र वाचले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून आयुष्य गेले असल्यामुळे त्यातील दोषाचे वर्णन वाचताच त्याचे गांभीर्य माझ्या लक्षात आले, आणि ही सूचना ज्यांच्यासाठी आहे त्यांतील एकही व्यक्ती या काउंटरपाशी येणार नाही, हेही त्याच क्षणी जाणवले.

दोष नेमका काय होता, ते आधी सांगतो. एलईडी बल्बचा पुढचा पांढरा घुमट प्लॅस्टिकचा असतो आणि तो खालच्या बुडाला खाचेत दाबून किंवा चिकटद्रव्याने बसवलेला असतो. या बल्बमध्ये ती जोडणी कमकुवत राहिली होती. बल्ब बदलण्यासाठी किंवा पुसण्यासाठी घुमट धरून फिरवला की घुमट हातात येतो, बूड होल्डरमध्येच राहते आणि एलईडीचे दाणे बसवलेली गोल पट्टी समोर उघडी पडते. स्वस्त बल्बच्या आतील ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, घरातील 230 व्होल्ट आणि ही पट्टी यांना वेगळे करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे पट्टीवरील सोल्डरच्या ठिपक्यांचा थेट मेन लाइनशी संबंध असतो. जोवर घुमट जागेवर आहे तोवर तोच आपले रक्षण करतो आणि बल्ब सुरक्षित असतो. तो निघाला की आरशासमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर जिवंत वीज उघडी असते.

बटण बंद केले की धोका टळला, असे कोणालाही वाटेल. या टेबलाच्या बाबतीत तसे गृहीत धरता येत नाही. टेबलाला दोन पिनांचा प्लग होता आणि असा प्लग बोर्डात कसाही, सुलटा वा उलटा, बसतो. टेबलावरचे छोटे बटण दोन तारांपैकी एकच तार तोडते. प्लग ज्या बाजूने बसला असेल त्याप्रमाणे ती तुटणारी तार कधी फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी, असते, तर कधी न्यूट्रल, म्हणजे परतीची. न्यूट्रल तुटत असेल तर बल्ब विझतो, पण फेज बल्बपर्यंत पोहोचलेलीच राहते. गावातील एका घरी मी घुमट निघालेल्या बल्बपाशी टेस्टर धरून पाहिला. टेबलाचे बटण बंद होते, आरसा अंधारलेला होता, आणि टेस्टरमधील नारिंगी ठिणगी मात्र स्पष्ट पेटलेली होती. प्लग काढून उलटा बसवल्यावर ती विझली. घरच्या सूनबाई शेजारी उभ्या राहून हे पाहत होत्या आणि त्यांना मला काही वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

आता हे टेबल घरात कोठे आणि कसे वापरले जाते, याचा विचार केला पाहिजे. न्हाणीतून आल्यावर ओल्या केसांनी, ओल्या हातांनी, अनवाणी पायांनी बाईमाणूस आरशासमोर उभी राहते. खाली सिमेंटचा कोबा असतो किंवा सारवलेली जमीन. पावसाळ्यात ती जमीन ओल धरून असते. घराचे अर्थिंग म्हणाल तर मीठ-कोळसा घालून केलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो आणि त्यात पाणी ओतण्याची आठवण कोणाला राहत नाही. आणि दोन पिनांच्या प्लगला तर त्या अर्थिंगचा काहीच उपयोग नसतो. गळती ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी मेन बोर्डाजवळ बसवलेला असेल तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, पण आमच्या गावात तो मोजक्याच घरांत आहे. फ्यूज किंवा एमसीबी असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, हा समज फार पसरलेला आहे. तारांना जाळू शकेल इतका प्रवाह वाढला की ती उपकरणे वीज तोडतात. माणसाच्या छातीतून जाणारा आणि त्याचे हृदय बंद पाडू शकणारा प्रवाह त्यांच्या मापाने इतका लहान असतो की त्यांना तो कळतही नाही.

दुसरा धोका उष्णतेचा आहे. एलईडी थंड असतो, असे दुकानदार सांगतात. प्रकाश ज्या बाजूने पडतो त्या बाजूने तो खरोखरच फारसा तापत नाही, परंतु त्याची उष्णता मागच्या बाजूने, म्हणजे बुडातून बाहेर पडते, आणि फर्निचरमध्ये ते बूड प्लायच्या बंद चौकटीत बसवलेले असते. तेथे हवा खेळत नाही. मे महिन्यात आमच्याकडे खोलीतच पारा चाळिसाच्या पुढे जातो, टिनाच्या छपराखाली तर विचारायलाच नको. ड्रायव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नावाच्या भागाचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा आम्ही वर्गात शिकवत असलेला ढोबळ नियम आहे. प्लॅस्टिकही तापून-निवून ठिसूळ होते. त्यामुळे जो बल्ब कारखान्यातील चाचणीत टिकला तो येथे दोन उन्हाळ्यांत खिळखिळा होऊ शकतो. त्यात रात्री कृषिपंप बंद झाले की चढणारा व्होल्टेज आणि डीपीवरचा न्यूट्रल ढिला झाला की 230 च्या कितीतरी वर, क्वचित 400 च्या जवळ जाणारा दाब, हे आमच्या गावांचे नेहमीचेच दुखणे आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती कापसाची. वेचणी झाल्यावर भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवणारे शेतकरी आमच्याकडे अजूनही पुष्कळ आहेत. ज्या खोलीत सूनबाईचे कपाट आणि टेबल, त्याच खोलीत भिंतीला लागून छातीएवढा कापसाचा ढीग, हे दृश्य डिसेंबर ते मार्चपर्यंत कोणत्याही वस्तीत पाहायला मिळेल. कापसाचे तंतू हवेत उडतात आणि टेबलाच्या मागे, होल्डरच्या सांध्यांत जाऊन बसतात. अशा जागी ढिल्या जोडणीतून उडालेली एक ठिणगी वर्षभराच्या कमाईची राख करू शकते. एका घरी मूळ बल्ब गेल्यावर आट्यांच्या होल्डरमध्ये बसणारा 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आठवडी बाजारातून आणून लावलेला होता. तारेचा बल्ब घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग उष्णतेत घालवतो. त्या चौकटीवरील सनमायका फुगून तपकिरी झाला होता आणि आतील प्लायच्या कडेला काळी रेघ उमटली होती. चौकटीच्या मागे ‘कमाल 5 वॅट’ असे लिहिलेला कागदी लेबलचा तुकडा होता, पण टेबल भिंतीला टेकवलेले असल्यामुळे तो लेबल घरात आल्यापासून कोणी पाहिलाच नव्हता.

हे सारे टाळण्यासाठी उत्पादकाने आपणहून माल परत मागवला, ही गोष्ट चांगलीच झाली आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. माझा आक्षेप पुढच्या टप्प्यावर आहे. परत मागवण्याची सूचना उत्पादकाकडून वितरकाकडे, वितरकाकडून दुकानदाराकडे येते आणि तेथे थांबते, कारण टेबल कोणी नेले याची दुकानदाराकडे नोंद नसते. बिल मागितले जात नाही आणि मागितले तरी चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली जाते. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे, हे विक्रेत्याला माहीत नसते आणि गिऱ्हाइकालाही नसते. समजा बिल दिलेच, तर त्यावर नाव असते मुलीच्या वडिलांचे. टेबल मात्र लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाच्या गाडीमागून दुसऱ्या गावी, पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यात निघून जाते. वॉरंटीचे कार्ड माहेरच्या कपाटात, बल्ब सासरच्या भिंतीवर आणि सूचना तिसऱ्याच गावच्या काउंटरवर, अशी ही विभागणी आहे. आंदणाच्या वस्तूला विकत घेणारा आणि वापरणारा हे दोघे मुळातच निरनिराळे असतात, ही गोष्ट लक्षात घेऊन जोवर नोंद ठेवली जात नाही, तोवर आमच्या भागात फर्निचरमधील कोणतीही सदोष वस्तू परत मागवली जाणे अशक्य आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ज्या वस्तूंची नोंद असते त्यांचे काय होते, ते पाहिल्यावर हे मत अधिक पक्के होते. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला असा आदेश दिला, की तिच्या संकेतस्थळावरून विकल्या गेलेल्या, अनिवार्य मानकांत न बसणाऱ्या 2,265 प्रेशर कुकरांच्या सर्व ग्राहकांना कळवावे, कुकर परत घ्यावेत आणि पैसे परत करावेत. त्याच महिन्यात फ्लिपकार्टलाही 598 कुकरांबाबत असाच आदेश झाला. हा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सांगता आला, कारण प्रत्येक कुकर कोणत्या पत्त्यावर गेला ते संगणकात लिहिलेले होते. मोटारसायकलीचा मालक परिवहन कार्यालयात नोंदलेला असतो, म्हणूनच 1 एप्रिल 2021 पासून सदोष वाहने परत मागवण्याची कायदेशीर तरतूद लागू करता आली. गॅस सिलिंडरच्या वितरकाकडे प्रत्येक जोडणीचा ग्राहक क्रमांक असतो. सुताराच्या आणि फर्निचरवाल्याच्या दुकानातून निघालेल्या, विजेची तार असलेल्या वस्तूलाच तेवढा पत्ता नाही.

आमच्या गावापुरते मी काय केले ते येथे नोंदवतो, कारण त्यातून काही उपयोगी गोष्टी हाती लागल्या. दुकानदाराला कोणाची नावे आठवेनात, पण त्याच्याकडचे सामान पोहोचवणारा छोटा हत्तीचा चालक आमच्याच वस्तीतला आहे. त्याला एकूण एक घर आठवत होते. कोणत्या लग्नात टेबल नेले, कोणाच्या दारात ते आडवे करून आत घ्यावे लागले, कोणाचा आरसा वाटेत तडकला म्हणून परत आणावा लागला, हे तो तारखेनिशी सांगू शकला, कारण प्रत्येक फेरीचे भाडे त्याने वहीत मांडून ठेवले होते. ज्या लग्नांबद्दल त्याला खात्री नव्हती तेथे घराघरातील आहेराच्या वह्या कामी आल्या. मामाने दिले, आत्याने दिले, मित्रमंडळींनी वर्गणी करून दिले, असे सारे त्या वह्यांत लिहिलेले असते. अशा रीतीने आमच्या गावातील घरे तर सापडलीच, शिवाय आमच्या लेकी जेथे दिल्या आहेत त्या गावांचीही एक यादी तयार झाली. राळेगाव, कळंब, हिंगणघाट, समुद्रपूर, वणी अशा तालुक्यांत ती पसरलेली होती, आणि एक टेबल तर पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेलेले निघाले.

घर सापडले म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत नव्हती, परंतु अडचण कोठून येईल याची मात्र मला नीट कल्पना नव्हती. पहिला प्रश्न अपेक्षित होता: “लाइट तं लागते ना काकाजी, मंग काहाले काढाचा?” त्याचे उत्तर टेस्टर दाखवून देता येत होते. खरी अडचण सासरच्या घरांत आली. एका लेकीला मी फोनवर सारे समजावून सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, “काकाजी, हे इकडं कोनाले सांगू नका. बाबानं खराब सामान देल्लं म्हनतीन.” तिने बल्ब काढले नाहीत, प्लगही काढला नाही, कोणी विचारू नये म्हणून ती रोज संध्याकाळी नेहमीप्रमाणे आरशाचे दिवे लावत राहिली. आंदणातील एखादी वस्तू सदोष निघाली ही बातमी आमच्याकडे वस्तूपुरती राहत नाही, ती थेट माहेरच्या ऐपतीवर आणि इभ्रतीवर जाते, आणि तिचे चटके त्या मुलीलाच सोसावे लागतात. म्हणून तिने धोका सहन करणे पसंत केले. मला याचे फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

त्यानंतर मी एकेका घराला निरोप देणे थांबवले. आमच्या सरपंचताईंशी बोलून, त्या मुली जेथे नांदतात त्या ग्रामपंचायतींना आम्ही एक मराठी सूचना पाठवली. सूचना कोणा एका टेबलाबद्दल नव्हती. ज्या ज्या घरी आरसा, देवघर, शोकेस किंवा टीव्ही ठेवण्याचे युनिट यांत बल्ब बसवलेले आहेत त्या सर्वांनी प्लग काढून ते तपासून घ्यावेत, आणि अमुक खुणेचे बल्ब असल्यास वापर बंद करून ते परत करावेत, असा तिचा मजकूर होता. काही गावांनी ती ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवली, काहींनी रेशन दुकानाच्या दारावर लावली, आणि बचत गटांच्या बैठकांत ती सर्वांत लवकर पोहोचली. तपासणी सर्वांच्याच घरी होणार म्हटल्यावर कोणा एकीच्या माहेराकडे बोट दाखवण्याचा प्रश्न उरला नाही. वर उल्लेख केलेल्या मुलीच्या सासऱ्यांनी स्वतः टेबल भिंतीपासून ओढून बल्ब काढले, आणि त्याच तपासणीत त्यांच्या स्वतःच्या देवघरातील तारेचा सांधा काळा पडलेला आढळला, असे तिने नंतर कळवले. देवघराबद्दल येथेच एक सांगून ठेवतो. ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणतो तो जुना तारेचा बल्ब प्रत्यक्षात साधारण 12 ते 15 वॅट वीज घेतो आणि प्लायच्या बंद देव्हाऱ्यात, कापूर आणि वाती यांच्या शेजारी, चोवीस तास जळत राहतो. त्याकडे कोणाचे लक्ष नसते.

कायद्याची बाजू त्या मुलींना मुद्दाम सांगावीशी वाटते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू विकत घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ग्राहक मानलेली आहे. म्हणजे टेबलाचे पैसे वडिलांनी दिले असले तरी ते वापरणारी मुलगी स्वतः तक्रार करू शकते, आणि ती आता जेथे राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करू शकते. दुकान ज्या जिल्ह्यात आहे तेथे तिने खेटे घालण्याची गरज नाही. दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सदोष उत्पादनामुळे इजा झाली तर उत्पादकावर उत्तरदायित्व येते, आणि उत्पादक कोण हेच कळत नसेल तर ते विक्रेत्यावर येऊ शकते. आमच्या बाजारातील निनावी बल्ब विकणाऱ्या दुकानदारांनी हे कलम नीट वाचावे, असे मी त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगितले आहे. याच कायद्याच्या कलम 20 नुसार धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आणि तिची किंमत परत करवण्याचा आदेश केंद्रीय प्राधिकरण देऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

बल्ब ओळखण्याची खूणही सोपी आहे. घरगुती एलईडी बल्बना भारतीय मानक ब्यूरोकडे (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. बुडावर मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस 16102, आणि आर या अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक छापलेला असला पाहिजे. अक्षरे इतकी बारीक असतात की फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून तो मोठा करूनच ती वाचता येतात. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये घातला की नोंदणी कोणाची आहे ते दिसते. क्रमांक नसेल, किंवा ॲपमध्ये वेगळ्याच कंपनीचे नाव येत असेल, तर तो बल्ब घरात ठेवू नये, मग तो कितीही लख्ख उजेड देत असो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की नोंदणी असलेल्या बल्बच्याही एखाद्या खेपेत दोष राहू शकतो, आणि परत मागवण्याच्या सूचनेत ज्या खेपेचा क्रमांक (बॅच नंबर) दिलेला असतो तो नोंदणी क्रमांकापेक्षा निराळा असतो. दोन्हींचा फोटो काढून ठेवावा.

बल्ब काढताना आधी प्लग बोर्डातून बाहेर काढावा. टेबलावरच्या बटणावर विसंबू नये. हात कोरडे असावेत, पायांत चप्पल असावी. घुमटाला धरून फिरवू नये, खालचे बूड धरून फिरवावे. घुमट आधीच हातात आला असेल तर राहिलेले बूड चिमट्याने किंवा कापडाने ओढत बसण्यापेक्षा प्लग काढून ठेवावा आणि जाणत्या वायरमनला बोलवावे. नवा बल्ब बसवताना चौकटीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा जास्त वॅटचा घेऊ नये आणि तेथे तारेचा बल्ब तर मुळीच लावू नये. टेबल भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले की मागे हवा खेळते. कापूस घरात असेल त्या दिवसांत या दिव्यांचा प्लग काढलेलाच ठेवावा, असे मी गावात सर्वांना सांगत आलो आहे.

दुकानदारांशी झालेल्या बोलण्यातून एक साधी व्यवस्था सुचली. तार असलेले कोणतेही फर्निचर विकताना वहीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: घेणाऱ्याचा फोन, जेथे वस्तू जाणार त्या घरातील एका व्यक्तीचा फोन, आणि वस्तूवरील खेपेचा क्रमांक. यातील दुसरी गोष्ट आमच्या भागात सर्वांत मोलाची आहे. एका दुकानदाराने ते लगेच सुरू केले. दुसऱ्याचे म्हणणे असे पडले, की लग्नघराच्या धांदलीत गिऱ्हाईक एवढे सांगायला थांबत नाही. मला ते पटले नाही. हप्त्याने माल देताना हेच दुकानदार आधार कार्डाची प्रत, जामीनदाराचे नाव आणि दोन-दोन फोन क्रमांक घेतातच, आणि तेव्हा गिऱ्हाईक थांबते.

आमच्या ग्रामसभेत हा विषय मांडला गेला असून, गावात येणाऱ्या अशा सूचनांची मराठी प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि बचत गटांना द्यावी, असे तोंडी ठरले आहे. लेखी ठराव व्हावा यासाठी माझा पाठपुरावा चालू आहे. गोळा झालेले बल्ब दुकानदाराने उत्पादकाकडे पाठवले आणि बदली बल्बही आले, मात्र काही घरांचे अजून यायचे आहेत. आदिलाबादकडे गेलेल्या टेबलाचा पत्ता मात्र अद्याप लागलेला नाही, कारण ते कुटुंब कामासाठी तेथूनही पुढे गेले आहे. यवतमाळ, वर्धा किंवा चंद्रपूर जिल्ह्यांतून त्या बाजूला दिलेल्या कोणा लेकीच्या घरी आरशाला बल्ब असलेले टेबल तुमच्या पाहण्यात असेल, तर तिला आजच फोन करून एवढेच सांगा, की प्लग बोर्डातून काढ, टेबलाच्या मागच्या लेबलचा आणि बल्बच्या बुडाचा फोटो पाठव, आणि ते फोटो जेथून टेबल घेतले त्या दुकानात नेऊन दाखवा.